एका सालीची तीस वर्षे

कर्करोगाचे नाव घरात मोठ्याने घेऊ नये, असा एक अलिखित दंडक आपल्याकडे अजून पुष्कळ घरांतून पाळला जातो. त्यातून तो रोग स्तनाचा किंवा अंडाशयाचा असला, म्हणजे तर सख्ख्या जावेलाही "तिला जरा बरे नाही" एवढेच सांगून वेळ मारून नेतात. ज्या रोगाचे नाव घ्यावयाचे नाही, त्याच्या औषधाची कथा मग कोण सांगणार आणि कोण ऐकणार! म्हणूनच मंडळाच्या वर्धापनदिनाच्या या स्मरणिकेत अशा एका औषधाचा इतिहास भगिनींपुढे ठेवावयाचे योजिले आहे. या औषधाचे नाव टॅक्सॉल. डॉक्टर मंडळी त्याला पॅक्लिटॅक्सेल म्हणतात. अंडाशयाच्या आणि स्तनाच्या कर्करोगावर ते जगभर दिले जाते, आणि ते प्रथम हाती लागले ते एका झाडाच्या सालीतून.

मराठीत झाडाच्या त्वचेलाही साल म्हणतात आणि वर्षालाही साल म्हणतात. या औषधाच्या इतिहासात दोहोंचा हिशेब सारखाच महत्त्वाचा आहे. झाडावरून ही साल प्रथम काढली गेली १९६२ मध्ये. तिच्यातून निघालेल्या औषधाला सरकारी मान्यता मिळाली १९९२ च्या डिसेंबरात. मध्ये पुरी ३० वर्षे गेली. या काळात किती घरांतल्या आया, लेकी, बहिणी या रोगाने गेल्या असतील, हा विचार मनात आला की प्रश्न पडतो: औषध सालीत होते, साल प्रयोगशाळेत होती, मग एवढा काळ लागला कशाला? कोणी आळस केला की कोणी दडवून ठेवले? इतिहास पाहू गेल्यास उत्तर निराळेच मिळते.

प्रथम त्या झाडाची ओळख करून घेऊ. उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यालगत, अलास्कापासून कॅलिफोर्नियापर्यंत दाट अरण्ये पसरली आहेत. तेथे उंचच उंच वृक्षांच्या सावलीत 'पॅसिफिक यू' नावाचे एक लहानसे झाड आपले मुकाट्याने वाढत असते. त्याची पाने सुईसारखी अरुंद व चपटी, साल पातळ आणि तांबूस-जांभळट, आणि बीभोवती लाल मांसल वाटी. वाढ इतकी सावकाश की झाड शंभर वर्षांचे झाले तरी त्याचा बुंधा असा कितीसा जाड? जेमतेम वीतभर! तेथील मूळ रहिवासी त्याच्या चिवट लाकडाची धनुष्ये आणि वल्ही करीत. परंतु लाकडाच्या ठेकेदारांना या झाडाची काहीच किंमत नव्हती. मोठे वृक्ष तोडून नेले की मागे उरलेल्या काटक्याकुटक्यांबरोबर हे झाडही ढिगावर टाकून ते पेटवून देत. ज्या झाडाच्या सालीसाठी पुढे एवढी धावाधाव झाली, ते अशा रीतीने वर्षानुवर्षे केरकचऱ्यात जळत होते.

सन १९५५ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेने कर्करोगावरील औषधे शोधण्यासाठी एक स्वतंत्र केंद्र काढले, आणि १९६० पासून तेथील शेती खात्याच्या साहाय्याने वनस्पती गोळा करण्यास आरंभ केला. पुढील वीस-एकवीस वर्षांत सुमारे ३५,००० जातींच्या वनस्पती तपासल्या गेल्या. हे काम म्हणजे तांदळाच्या कोठारात पडलेला एक मोती शोधण्यासारखे. दाणा न् दाणा निवडल्याखेरीज गत्यंतर नाही. या कामावर असलेले वनस्पतिशास्त्रज्ञ आर्थर बार्क्ले ऑगस्ट १९६२ मध्ये आपल्या विद्यार्थी साहाय्यकांसह वॉशिंग्टन राज्यातील गिफर्ड पिंचो अरण्यात, पॅकवुड या गावाजवळ हिंडत होते. इतर झाडांप्रमाणेच त्यांनी यू वृक्षाच्याही फांद्या, पाने, फळे आणि साल पिशव्यांत भरून घेतली, चिठ्ठ्या लावल्या आणि पाठवून दिली. हे झाड कर्करोगावर चालेल, असे त्यांना कोणीही सांगितले नव्हते.

सन १९६४ मध्ये असे आढळले की, या सालीचा अर्क प्रयोगशाळेत वाढविलेल्या पेशींना मारक ठरतो. तेव्हा पुढील तपासासाठी साल गेली उत्तर कॅरोलायना राज्यातील 'रिसर्च ट्रँगल इन्स्टिट्यूट' या संस्थेकडे. तेथे दोन रसायनशास्त्रज्ञ काम करीत होते. एक मन्रो वॉल, आणि दुसरे मनसुख वाणी.

हे दुसरे नाव वाचून भगिनींना आश्चर्य वाटेल. मनसुख वाणी यांचा जन्म १९२५ मध्ये आपल्या खानदेशातील नंदुरबार येथे झाला. मुंबई विद्यापीठातून रसायनशास्त्राची पदवी व पदव्युत्तर पदवी घेऊन त्यांनी मुंबईच्या भवन्स कॉलेजात अध्यापन केले, नंतर अमेरिकेतील इंडियाना विद्यापीठात डॉक्टरेट मिळविली, आणि १९६२ मध्ये, म्हणजे ती साल काढली गेली त्याच वर्षी, ते वॉल यांच्या प्रयोगशाळेत रुजू झाले. पुढे २०२० मध्ये वयाच्या ९५ व्या वर्षी ते निवर्तले. नंदुरबारच्या या सुपुत्राचे नाव आपल्यापैकी किती जणींच्या कानांवर आले आहे?

वॉल आणि वाणी यांच्यापुढील काम मोठे चिकाटीचे होते. सालीत शेकडो द्रव्ये असतात. त्यांतले पेशी मारणारे द्रव्य कोणते, हे कळण्यासाठी अर्काचे भाग करावयाचे, प्रत्येक भाग तपासावयाचा, जो गुणकारी निघेल त्याचे पुन्हा भाग करावयाचे, आणि असे करीत करीत शेवटी एकच शुद्ध द्रव्य उरेपर्यंत जावयाचे. ताकातून लोणी काढताना ते निदान डोळ्यांना दिसते. येथे तेही नाही. सुमारे १२ किलो वाळलेला माल वापरून हाती आले ते अवघे अर्धा ग्रॅम, म्हणजे चिमूटभर मिठाएवढे! सन १९६६ मध्ये ते शुद्ध स्वरूपात मिळाले आणि १९६७ मध्ये वॉल यांनी त्याचे नामकरण 'टॅक्सॉल' असे केले. त्याच्या रेणूची रचना इतकी गुंतागुंतीची की ती उलगडून प्रसिद्ध व्हावयास १९७१ उजाडले.

येथे कोणासही वाटेल की, आता औषध तयार झाले. परंतु नेमक्या याच ठिकाणी गाडी अडली. साल दुर्मिळ, तिच्यातून निघणारे द्रव्य अत्यल्प, ते पाण्यात विरघळत नाही, आणि उंदरांवरील पहिल्या प्रयोगांत त्याचा गुणही डोळे दिपावेत असा नव्हता. शिवाय ते कर्करोगाच्या पेशीला मारते तरी कसे, हे कोणालाच ठाऊक नव्हते. अशा औषधासाठी पैसा आणि माणसे कशाला खर्चावीत, असे अधिकाऱ्यांना वाटल्यास नवल नाही. टॅक्सॉल काही वर्षे जवळजवळ फडताळात पडून राहिले.

ते तेथून बाहेर निघण्यास एक स्त्री मोठी कारण झाली. डॉ. सुसान हॉरविट्झ यांनी १९६३ मध्ये डॉक्टरेट मिळविली. लवकरच त्यांना जुळे मुलगे झाले. पूर्ण वेळ काम करणे त्या दिवसांत शक्य नव्हते. तेव्हा त्यांनी अर्धवेळ संशोधनाची जागा पत्करली, पण प्रयोगशाळेशी असलेला धागा तुटू दिला नाही. 'मुले मोठी झाल्यावर पाहू' म्हणून सोडलेली कामे पुन्हा हाती घेणे किती अवघड जाते, हे आपण सर्व जणी जाणतो. पुढे न्यूयॉर्कच्या अल्बर्ट आइन्स्टाइन वैद्यकीय महाविद्यालयात काम करीत असताना, १९७७ च्या सुमारास, राष्ट्रीय कर्करोग संस्थेने त्यांना टॅक्सॉलचा अभ्यास करण्याविषयी विचारले. त्यांनी आपले विद्यार्थी पीटर शिफ यांच्यासह प्रयोग केले आणि १९७९ मध्ये त्यांचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला.

तो निष्कर्ष घरगुती दृष्टांताने सांगता येईल. शरीरातील एका पेशीच्या दोन पेशी होताना तिच्या आत अतिसूक्ष्म नळ्यांचा एक सांगाडा उभा राहतो. लग्नाचा मांडव जसा कार्यापुरता घालतात आणि कार्य उरकताच सोडतात, तसाच हा सांगाडा उभारला जातो आणि काम झाले की मोडला जातो. आपल्या अंगणातली सदाफुली सर्वांना परिचित आहे. तिच्यापासूनही कर्करोगावरील औषधे निघाली आहेत. ती हा मांडव मुळी उभाच राहू देत नाहीत. टॅक्सॉलची तऱ्हा याच्या अगदी उलट. ते मांडवाच्या गाठी अशा आवळून टाकते की मांडव सुटतच नाही. मांडव सुटला नाही म्हणजे पेशीचे दोन भाग होणे खोळंबते आणि अखेर ती मरते. पेशीला अशा रीतीने अडविणारे औषध तोपर्यंत कोणी पाहिलेच नव्हते. या शोधाने शास्त्रज्ञांचे लक्ष टॅक्सॉलकडे पुन्हा वळले.

सन १९८४ मध्ये ते प्रथम माणसांना देण्यात आले. पाण्यात विरघळत नाही म्हणून ते एरंडेलापासून रासायनिक क्रियेने बनविलेल्या एका द्रवात मिसळून शिरेतून देत. हा द्रव कित्येक रुग्णांना सोसेना. श्वास कोंडणे, रक्तदाब एकाएकी उतरणे असे जिवावरचे प्रसंग आले, आणि प्रयोग बंद करावेत की काय अशी पाळी आली. मग डॉक्टरांनी औषध थेंबाथेंबाने, चोवीस तासांपर्यंत देण्यास सुरुवात केली, आणि ते देण्यापूर्वी अशी प्रतिक्रिया दाबणारी इतर औषधे देण्याची पद्धत बसविली. त्यानंतर बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयातील डॉक्टरांनी १९८९ मध्ये जो अहवाल प्रसिद्ध केला, त्याने सर्वत्र आशा पालवली. अंडाशयाचा कर्करोग झालेल्या आणि आधीच्या औषधांनी दाद न दिलेल्या ४० स्त्रियांपैकी १२ जणींचा रोग या औषधाने लक्षणीयरीत्या मागे हटला होता. बारा हा आकडा लहान वाटेल. पण जेथे दुसरा उपायच उरला नव्हता तेथे तो फार मोठा होता. या ४० जणींची नावे इतिहासात नाहीत. आपल्याला गुण येईलच असे नाही हे ठाऊक असून त्यांनी हा प्रयोग अंगावर घेतला. टॅक्सॉलच्या इतिहासात वॉल, वाणी आणि हॉरविट्झ यांच्या पंक्तीस त्यांचेही पान मांडले पाहिजे.

औषध गुणाचे ठरले आणि आजवर कोणी न विचारलेला प्रश्न दारात येऊन उभा राहिला: एवढी साल आणावयाची कोठून? शंभर वर्षांच्या एका झाडापासून सुमारे ३ किलो साल मिळते आणि तिच्यातून साधारण एका वेळेला पुरेल एवढेच औषध निघते. एका रुग्ण स्त्रीच्या संपूर्ण उपचारासाठी अशी कित्येक झाडे लागणार. साल सोलली की झाड मरते, आणि त्याच्या जागी नवे लावले तर ते पणतीच्या काळात उपयोगी पडावयाचे! अमेरिकेत त्या सुमारास अंडाशयाच्या कर्करोगाने दरवर्षी बारा हजारांवर स्त्रिया मृत्युमुखी पडत होत्या. त्या सर्वांना औषध देऊ म्हटले तर अरण्येच्या अरण्ये सोलावी लागली असती. त्याच अरण्यांत ठिपकेवाल्या घुबडाची एक जात राहते; ती नष्ट होऊ पाहत आहे म्हणून १९९० मध्ये तिला कायद्याचे संरक्षण मिळाले होते. साहजिकच वाद पेटला. झाड वाचवावयाचे की बाई वाचवावयाची, असा सवाल वर्तमानपत्रांतून विचारला जाऊ लागला. सन १९९२ मध्ये अमेरिकन सरकारला केवळ या एका झाडासाठी स्वतंत्र कायदा करावा लागला. जे झाड ठेकेदार कालपर्यंत जाळीत होते, त्याच्या सालीवर आता पहारे बसले.

या पेचातून वाट दाखविली ती झाडाच्या पानांनी. फ्रान्समध्ये पिएर पोतिए आणि त्यांच्या सहकाऱ्यांना असे आढळले होते की, युरोपातील यू वृक्षाच्या पानांत टॅक्सॉलशी नाते सांगणारे एक द्रव्य बऱ्याच प्रमाणात असते. त्याला रासायनिक क्रियेने थोडी जोड दिली की टॅक्सॉल तयार होते. अमेरिकेत फ्लॉरिडा राज्यातील रॉबर्ट होल्टन यांनी ही जोड देण्याची अधिक सोयीची रीत शोधून काढली. पाने खुडली तरी झाड जगते आणि पुन्हा फुटते. अशा रीतीने १९९० नंतरच्या पहिल्या पाच वर्षांतच सालीची गरज संपत आली. पुढे तर यू वृक्षाच्या पेशी मोठ्या टाक्यांत वाढवूनही हे औषध मिळू लागले. झाड की बाई, हा प्रश्नच मुळात चुकीचा मांडला गेला होता. ज्यांनी तो तसाच न स्वीकारता तिसरी वाट धुंडाळली, त्यांच्यामुळे दोघेही वाचले.

दरम्यान २९ डिसेंबर १९९२ रोजी अमेरिकेत अंडाशयाच्या कर्करोगासाठी टॅक्सॉलला मान्यता मिळाली, आणि १९९४ मध्ये स्तनाच्या कर्करोगासाठीही. परंतु या यशाला एक कडू बाजूही आहे. संशोधनाचा बहुतेक खर्च सरकारी तिजोरीतून झाला, पण औषध बाजारात आणण्याचा हक्क १९९१ च्या करारान्वये ब्रिस्टॉल-मायर्स स्क्विब या कंपनीस मिळाला. वॉल यांनी ठेवलेले 'टॅक्सॉल' हे नावही कंपनीची व्यापारी खूण होऊन बसले. म्हणूनच 'पॅक्लिटॅक्सेल' हे दुसरे नाव प्रचारात आणावे लागले. अमेरिकन सरकारच्याच २००३ मधील तपासणी अहवालानुसार, २००२ अखेरपर्यंत कंपनीने या औषधाची ९०० कोटी डॉलरची विक्री केली. सरकारी संशोधन संस्थेच्या वाट्यास त्यातून आले साडेतीन कोटी डॉलर. वॉल आणि वाणी यांनी आपल्या शोधाचे पेटंटच घेतले नव्हते, त्यामुळे त्यांना त्यातून काहीच मिळाले नाही. आज आपल्या देशातील कारखान्यांतही पॅक्लिटॅक्सेल तयार होते, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या आवश्यक औषधांच्या यादीत त्याचा समावेश आहे.

आता या कथेतून आपल्यापुरते काय घ्यावयाचे?

पहिली गोष्ट जपून वागण्याची. झाडाचे औषध म्हणजे निरुपद्रवी, अशी आपल्यात एक भाबडी समजूत आहे. यू वृक्षाची पाने, साल आणि बी ही जहाल विषारी आहेत. त्यांनी माणसे आणि गुरे दगावतात. टॅक्सॉल हेदेखील सौम्य औषध नव्हे. त्याने केस गळतात, हातापायांना बधिरपणा येतो, रक्तातील पांढऱ्या पेशी उतरतात. ते तज्ज्ञ डॉक्टरांच्या देखरेखीखाली, मोजून मापूनच घ्यावयाचे असते. 'कर्करोगावर अमुक साल उकळून प्या' असे कोणी सांगितले तर तिच्या नादी लागून उपचाराचा मोलाचा वेळ दवडू नये.

दुसरी गोष्ट आपल्या डोंगरांची. वॉल आणि वाणी यांनी १९६६ मध्येच एका चिनी झाडातून 'कॅम्प्टोथेसिन' नावाचे आणखी एक द्रव्य वेगळे काढले होते. त्यापासून पुढे बनलेली दोन औषधे १९९६ मध्ये मान्य झाली. त्यांतले एक अंडाशयाच्या कर्करोगावर देतात. हेच द्रव्य आपल्या सह्याद्रीतील नरक्या या झाडातही असल्याचे भारतीय शास्त्रज्ञांनी १९७२ मध्ये दाखवून दिले. ज्याच्या वासाला लोक नाके मुरडीत, ते नरक्या मग इतके मोलाचे झाले की कोकणातून आणि घाटमाथ्यावरून ते चोरून तोडून नेऊ लागले. हिमालयातील यू वृक्षाची, म्हणजे थुनेराची, हीच गत झाली, आणि १९९५ पासून त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध घालावे लागले. जे झाड आधी कवडीमोल ठरवून जाळावयाचे, तेच त्याची किंमत कळताच मुळासकट ओरबाडावयाचे, या दोन्ही टोकांत शहाणपण नाही. तुळशीची पाने खुडताना आपण रोप उपटीत नाही. तेवढा विवेक जंगलातही हवा.

तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट. ती ३० वर्षे कोणाच्या आळसात गेली नाहीत. एकाने साल गोळा केली, दोघांनी तिच्यातून चिमूटभर द्रव्य काढले, जुळ्या मुलांच्या आईने त्याचे मर्म उकलले, ४० जणींनी ते स्वतःवर सोसून पाहिले, आणि कोणी पानांतून तेच मिळविण्याची वाट शोधली. मध्ये एखाद्याने 'यात काही अर्थ नाही' म्हणून हात झटकले असते, तर साखळी तेथेच तुटली असती. एवढ्या कष्टाने तयार झालेले हे औषध आपल्या जिल्ह्याच्या रुग्णालयापर्यंत आले आहे. पण रोगाचे नाव लाजेने गिळून बसलेल्या बाईपर्यंत ते पोहोचू शकत नाही. स्तनात गाठ हाताला लागली, किंवा पोट सतत फुगलेले राहणे, दोन घासांतच पोट भरणे, ओटीपोटात दुखणे हे काही आठवडे चालूच राहिले, तर ते अंगावर काढू नये. तडक डॉक्टरांकडे जावे. प्रत्येक गाठ कर्करोगाची नसते, पण ती कसली आहे हे ठरविणे आपले काम नव्हे.

औषध शोधण्यास जगाला ३० वर्षे लागली. नुसते बोलण्यास आपण ३० दिवसही लावू नयेत. एकमेकींच्या दुखण्याचे नाव न चाचरता घेता येईल अशी एक जागा म्हणजे आपले मंडळ व्हावे, एवढीच इच्छा व्यक्त करून हा लेख पुरा करते.